वर्गातील शांतता आणि गुरूचे कायक

पावसाला सुरुवात होते, शाळा भरतात आणि दरवर्षी आपल्या गावोगावच्या माध्यमिक शाळांतून काही तरुण-तरुणी शिक्षक म्हणून प्रथमच वर्गात पाऊल ठेवतात. बी.एड.ची पदवी हाती असते, सराव पाठ दिलेले असतात, पाठ-टाचणाची वही अजून कोरी असते. पण सराव पाठाच्या वेळी मागच्या बाकावर निरीक्षक बसत. आता तेथे मिसरूड फुटू लागलेले चार मुलगे बसलेले असतात. नववीची 'क' तुकडी, साठ मुले, पस्तीस मिनिटांचा तास. नवा शिक्षक फळ्याकडे वळतो आणि पाठीमागून कोणीतरी शीळ घालतो. त्या एका क्षणी त्याने काय करावे?

वचनांच्या चिंतनाला वाहिलेल्या या पानांत वर्ग सांभाळण्याचा विषय कशाला, असे एखादे वाचक विचारतील. शरणांनी कायकाला उपासनेइतके मोल दिले. मग शिक्षकाचे कायक नेमके कोठे घडते? ते ग्रंथालयात घडत नाही आणि परीक्षेच्या निकालातही घडत नाही. ते त्या शीळ वाजल्याच्या क्षणी घडते. तेथे त्याचे ज्ञान, त्याचा अहंकार, त्याची करुणा आणि त्याची न्यायबुद्धी या चारही गोष्टी एकदम कसोटीला लागतात. म्हणून हा प्रश्न केवळ अध्यापन-पद्धतीचा नाही; तो नीतीचा प्रश्न आहे.

दोन सल्ले

नव्या शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. शिक्षक-खोलीतील एखादे ज्येष्ठ गुरुजी म्हणतात, "हे बघा, पहिल्याच दिवशी वचक बसवा. दिवाळीपर्यंत हसू नका. एकाला चांगला धडा शिकवा, म्हणजे बाकीचे एकोणसाठ गप्प बसतील." दुसरीकडे नव्या विचारांची पुस्तके म्हणतात, "मुलांचे मित्र व्हा. प्रेम द्या, म्हणजे शिस्त आपोआप येईल."

हे दोन्ही सल्ले ऐकायला परस्परविरोधी वाटतात. परंतु दोहोंची खोल मुळे एकाच जागी आहेत. दोन्हींमध्ये केंद्रस्थानी शिक्षकच उभा आहे. पहिल्याला मुलांनी आपल्याला भ्यावे असे वाटते, दुसऱ्याला मुलांनी आपल्याला आवडून घ्यावे असे वाटते. मुले आणि त्यांचे काम, म्हणजे ज्यासाठी सारे जण तेथे जमले ते अध्ययन, दोन्ही ठिकाणी बाजूलाच राहते.

'शिस्त' हा शब्दच पाहा. तो मराठीत फारशीतून आला आणि जुन्या मराठीत त्याचा अर्थ नेम असा होता. बंदुकीचा नेम धरणे म्हणजे शिस्त धरणे. 'शिष्य' हा शब्द मात्र संस्कृतातील शिकवणे, शासन करणे या अर्थाच्या 'शास्' धातूपासून झाला आहे. म्हणजे शिस्तीचा मूळ भाव गप्प बसणे हा नाहीच. डोळा, हात आणि लक्ष्य एका रेषेत आणणे हा आहे. वर्गात शिस्त आहे की नाही हे ठरवायचे तर आवाज किती होतो एवढेच पाहून भागणार नाही. वर्गाचा नेम कशावर आहे ते पाहावे लागेल. साठ मुले भीतीने निश्चल बसली असतील आणि सगळ्यांचे लक्ष घड्याळाकडे असेल, तर ती शांतता आहे, शिस्त नव्हे. चार-चार मुलांचे गट भूमितीच्या प्रमेयावर हिरिरीने भांडत असतील, तर तो आवाज आहे, बेशिस्त नव्हे.

भीतीचा हिशेब

भीतीने काम होते हे नाकारण्यात अर्थ नाही. छडी उगारली की वर्ग गप्प होतो. अंगठे धरून उभे केले की त्या तासापुरता मुलगा वठणीवर येतो. म्हणूनच तर ही रीत इतकी टिकली. कित्येक पालकही स्वतः येऊन सांगत, "मास्तर, वाटेल तेवढे मारा, पण पोराला शहाणे करा." त्या बोलण्यात क्रौर्य नव्हते, शिक्षणावरची श्रद्धाच होती.

परंतु या सौद्यात काय विकले जाते त्याचा हिशेब केला पाहिजे. पहिली गोष्ट अशी की, भीतीने वागणारा मुलगा आपल्या वागण्याचे कारण स्वतःच्या बाहेर ठेवतो. शिक्षक वर्गात असेतो तो नीट, शिक्षक दाराबाहेर गेले की वर्गाचा बाजार! दहा वर्षे अशा वर्गांत काढलेल्या मुलाला चांगले का वागावे हे कळत नाही. केव्हा वागावे एवढेच कळते. पुढे तो मोठा होतो आणि रस्त्यावर पोलीस आहे की नाही हे पाहून सिग्नल पाळतो.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. छडी सर्वांवर सारखी पडत नाही. अधिकाऱ्याच्या मुलावर ती सहसा उठत नाही, कारण दुसऱ्या दिवशी वडील मुख्याध्यापकांच्या खोलीत येऊन बसतील याची धास्ती असते. ज्याची आई धुणीभांडी करते, ज्याचा बाप हमाली करतो आणि ज्याच्या घरून विचारायला कोणी येणार नाही, त्याच्या पाठीवर ती बिनदिक्कत पडते. बाराव्या शतकात कल्याणच्या अनुभव मंटपात धोबी मडिवाळ माचिदेव, नावाडी अंबिगर चौडय्या, चर्मकार हरळय्या यांना मानाचे स्थान होते, हे आपण अभिमानाने सांगतो. मग आपल्याच शाळेत बापाचा हुद्दा पाहून शिक्षा ठरत असेल, तर तो अभिमान कोणत्या तोंडाने सांगावा?

तिसरी गोष्ट आपल्या परंपरेशी थेट संबंधित आहे. ज्या परंपरेत गुरू शिष्याच्या तळहातावर इष्टलिंग ठेवतो, तेथे गुरूचा पहिला हावभाव देण्याचा आहे, मारण्याचा नाही. तोच तळहात पुढे कर म्हणून त्यावर पट्टी मारणे, या दोन चित्रांचा मेळ बसत नाही. आणि हा विचार केवळ लिंगधारी मुलापुरता ठेवला तर तो विचारच उरणार नाही. वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलाच्या देहाला तोच मान आहे.

प्रेम पुरे पडते काय?

मग छडी टाकली आणि प्रेम धरले की झाले काय? येथे प्रामाणिकपणे थांबले पाहिजे. साठ मुलांच्या गोंगाटात जी मुलगी खाली मान घालून शिकायला बसली आहे, जिच्या घरी शिकवणीला पैसे नाहीत आणि हा तास हीच जिची एकुलती एक संधी आहे, तिचे काय? शिक्षकाने वर्गाचा ताबा सोडला तर दांडगाई करणाऱ्या चौघांचे राज्य येते आणि तिचा तास लुटला जातो. ढिलाई ही दया नव्हे. ती दुबळ्यांवरचा अन्याय आहे. सुव्यवस्था हा शिक्षकाचा हक्क नसेल, पण त्या मुलीचा तो नक्कीच हक्क आहे.

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका हे बडोदे-अहमदाबादकडील आपल्या वाचकांना परिचित आहेतच. आपल्या ताराबाई मोडक यांनी त्यांच्याबरोबर काम केले. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न' या गुजराती पुस्तकात एक शिक्षक नवे प्रयोग करण्यासाठी चौथीचा वर्ग मागून घेतो. पुस्तकाचा मोठेपणा असा की, त्या शिक्षकाचा पहिला दिवस साफ फसतो. घरून योजून आणलेला शांततेचा खेळ मुले उधळून लावतात आणि त्याला मुलांना सुट्टी देऊन घरी पाठवावे लागते. मुलांवर प्रेम होते, हेतू शुद्ध होता. पण ती मुले आज कोठे उभी आहेत याचा अंदाज नव्हता. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, तेव्हा वर्ग त्याच्याभोवती गोळा होतो. पुढे हजेरी, स्वच्छता, खेळ, वाचन हे सारे त्या गोष्टीच्या आधाराने हळूहळू येते. मुलांना गप्प करण्याऐवजी त्याने त्यांना गुंतवले, आणि गुंतलेला वर्ग आपोआप स्थिर झाला.

अमेरिकेत जेकब कौनिन या अभ्यासकाने वर्गांची चित्रफितींवर नोंद घेऊन पाहणी केली आणि १९७० साली तिचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचा शोध सुरू झाला तो मुले चुकल्यावर शिक्षक कसे रागावतात, या प्रश्नापासून. निष्कर्ष मात्र वेगळाच निघाला. चांगले चाललेले वर्ग आणि बिघडलेले वर्ग यांतील शिक्षकांच्या रागावण्याच्या तऱ्हेत म्हणण्यासारखा फरकच नव्हता. फरक होता तो चूक घडण्यापूर्वीच्या कामात. चांगल्या शिक्षकाला वर्गाच्या कोपऱ्याकोपऱ्यात काय चालले आहे याचे भान असे आणि ते भान आहे हे मुलांनाही ठाऊक असे. तो एका वेळी दोन गोष्टी सांभाळी. त्याचा पाठ मधेच अडखळत नसे. ही निरीक्षणे बरीचशी प्राथमिक वर्गांतील होती, तरी नववी-दहावीच्या कोणत्याही अनुभवी शिक्षकाला ती ओळखीची वाटतील.

या निष्कर्षाचा नैतिक अर्थ मोठा आहे. शिस्त ही शिक्षेतून येत नाही, तयारीतून येते. म्हणजेच वर्ग बिघडला तर पहिला प्रश्न मुलांच्या संस्कारांना विचारायचा नाही, आपल्या कायकाला विचारायचा.

कायक म्हणजे नेमके काय?

नुसते तत्त्व सांगून नव्या शिक्षकाचा तास निभत नाही. म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो.

घंटा होण्यापूर्वी दारात उभे राहावे आणि येणाऱ्या मुलांकडे पाहावे. फळ्यावर एक लहानसे काम आधीच लिहिलेले असावे: एक उदाहरण, दोन शब्दांचे अर्थ, कालच्या पाठावरचा एक प्रश्न. हजेरी चालू असताना मुलांच्या हातांना काम मिळते. पहिली पाच मिनिटे रिकामी गेली की उरलेली तीस गोंगाट शमवण्यात जातात.

दोन आठवड्यांत साठही नावे पाठ करावीत. बाकांचा आराखडा काढून त्यावर नावे लिहून ठेवावीत. "ए निळ्या शर्टवाल्या" या हाकेत आणि नावाने मारलेल्या हाकेत जेवढे अंतर आहे, तेवढेच गर्दीत आणि वर्गात आहे. ज्याला आपण नावाने ओळखतो तो सहसा गर्दीत लपू पाहत नाही.

नियम चार-पाचच असावेत आणि त्यांची कारणे सांगावीत. जो नियम आपण रोज पाळून घेऊ शकत नाही तो करूच नये. सोमवारी पाळला, मंगळवारी सोडला, बुधवारी त्यावरून मारले, असा नियम मुलांना लहरीपणा शिकवतो.

फळ्याकडे तोंड करून फार वेळ लिहीत राहू नये. एकाच जागी खिळून राहू नये. मागच्या बाकापर्यंत फिरावे. कुजबुज चालू असेल तर पाठ न थांबवता त्या बाकाजवळ जाऊन उभे राहावे. दहांपैकी आठ वेळा एवढ्यानेच भागते.

प्रश्न विचारल्यावर थांबावे. मेरी बड रो या अभ्यासिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले की, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादाच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद किंवा अधिक थांबले तर उत्तरे लांब व विचारपूर्वक येतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही हात वर करतात. तीन सेकंद म्हणजे एक सावकाश घेतलेला श्वास. मागच्या बाकावरच्या मुलाला आपण तेवढाही वेळ देत नाही आणि मग तो शीळ घालतो म्हणून चिडतो!

चूक घडल्यावर

एवढे करूनही चुका होणारच. पंधरा वर्षांचे वय हे आईबापांना आणि शिक्षकांना हात लावून पाहण्याचे वय आहे. तेव्हा काय करावे?

आयदक्की लक्कम्मा व मारय्या यांची कथा आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्याचे कायक. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्माने ते पाहिले, जादा तांदूळ कशासाठी म्हणून विचारले आणि ते जेथून आणले तेथे परत टाकून यायला सांगितले. या प्रसंगाकडे शिक्षकाच्या डोळ्यांनी पाहावे. तिने दोष पाहून न पाहिल्यासारखे केले नाही. तिने चारचौघांत त्याचा पाणउतारा केला नाही. बोलणे घरात झाले. तिने कृतीवर बोट ठेवले, माणसाला हलके म्हटले नाही. आणि तिने दंड दिला नाही. बिघडलेले होते ते नीट करायला लावले. ज्याला सांगितले तो सुधारून पुन्हा आपल्या कायकाला लागला.

वर्गातील प्रत्येक शिक्षेला हे चार प्रश्न लावून पाहता येतील. बाक खरडणाऱ्या मुलाला बाक घासून साफ करायला लावणे या कसोटीला उतरते. त्याला मुलींच्या रांगेत उभे करणे उतरत नाही, शिवाय त्यात मुलींचाही अपमान आहे. "हा प्रकार चुकीचा झाला, तास संपल्यावर मला भेट," हे उतरते, "तुझ्या खानदानात कोणी शिकलेय का?" हे उतरत नाही. घर, जात, रूप, बापाचा धंदा आणि बोली यांवर शिक्षकाची जीभ कधीही जाऊ नये. सीमाभागात तर हे विशेष सांगावे लागते. घरी कन्नड बोलणारा मुलगा मराठी वर्गात अडखळतो, घरी मराठी बोलणारी मुलगी कन्नड तासाला चुकते. त्या उच्चारावर शिक्षक हसले की सारा वर्ग हसतो, आणि ते मूल पुढे वर्षभर तोंड उघडत नाही.

एकाच्या चुकीसाठी साठ जणांना शिक्षा करणे हा तर उघड अन्याय आहे. शीळ कोणी घातली ते कळत नसेल तर तसे शांतपणे सांगावे आणि पाठ पुढे न्यावा. निरपराध्याला शिक्षा देऊन अपराधी सापडत नाही. फक्त शिक्षकाच्या न्यायावरचा विश्वास जातो.

सर्वांत कठीण प्रसंग म्हणजे मुलाने शिक्षकाचा तोंडावर अपमान करणे. रक्त तापते. "आज याला सोडले तर माझे काय राहिले?" असे वाटते. या वाक्यात 'माझे' हा शब्द आहे, तोच तपासावा. बिघडले आहे ते वर्गाचे काम की माझा मान? काम बिघडले असेल तर ते आधी सुरू करावे आणि मुलाशी नंतर, राग उतरल्यावर, एकांतात बोलावे. मानासाठी लढाई केली तर साऱ्या वर्गासमोर तो मुलगाही माघार घेऊ शकत नाही. आपणच त्याची वाट बंद केलेली असते. मात्र मारामारी, व्यसन, मुलींची छेड, घरातील छळाची चिन्हे या गोष्टी एकट्याच्या चातुर्यावर सोडू नयेत. त्या त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या व पालकांच्या कानावर घालाव्यात.

अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी अस्ताव्यस्त मुलांची अंथरुणे स्वतः आवरून ठेवीत आणि मुले ओशाळून आपली कामे आपण करू लागत, हे प्रसिद्ध आहे. प्रत्येकाला साने गुरुजी होता येणार नाही. पण वरच्या चार प्रश्नांसाठी संतपण लागत नाही. रोजचा विचार लागतो.

कायद्याच्या पलीकडे

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शारीरिक शिक्षा शिक्षणातून वगळावी असे म्हटले. २००० साली दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील शालेय नियमांतील छडीची तरतूद रद्द केली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. १ एप्रिल २०१० पासून तो कायदा अमलात आला. त्यात 'मानसिक छळ' हे शब्द आहेत हे विसरू नये. जिभेची छडीही त्यात येते.

पण त्या कायद्यातील 'बालक' सहा ते चौदा वर्षांचे आहे. नववी-दहावीची बरीच मुले चौदा ओलांडलेली असतात. त्यांना राखणारे अन्य नियम व आदेश आहेतच. तथापि शिक्षकाने स्वतःला विचारावे की, चौदाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मुलाच्या देहाचा मान कमी होतो काय? कायदा हात धरतो. हात का उगारू नये हे मनालाच समजावे लागते.

"आमची छडी काढून घेतली, पण वर्ग साठांचाच राहिला," ही शिक्षकांची तक्रार मात्र खोटी नाही. येथे समाजाचे व संस्थाचालकांचे कर्तव्य येते. पुष्कळ शाळांत सर्वांत अवघड तुकडी सर्वांत नव्या शिक्षकाच्या गळ्यात मारली जाते. हे पोहायला न येणाऱ्याला पुरात ढकलण्यासारखे आहे. पहिल्या वर्षी त्याला एका अनुभवी शिक्षकाची जोड द्यावी, त्याने इतरांचे तास मागे बसून पाहावेत, इतरांनी त्याचे पाहावेत आणि त्यात कमीपणा मानू नये. १९१६ साली बेळगावात सप्तर्षी म्हणून गौरविल्या गेलेल्या सात जणांनी कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटीचा पाया घातला. शाळा काढणे हा दासोह खराच. पण त्या शाळेतील नव्या शिक्षकाला सावरणे हाही दासोहच आहे. पालकांनीही "वाटेल तेवढे मारा" हा जुना निरोप आता बदलावा. "आमचा मुलगा चुकला तर आम्हाला कळवा, आपण मिळून पाहू," असे सांगावे.

तरुण शिक्षक बंधुभगिनींनो, पहिले काही महिने तुमचा घसा बसेल, काही तास हातून निसटतील, एखाद्या संध्याकाळी ही नोकरी सोडावीशी वाटेल. त्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या फळ्यावरचे पहिले काम तेवढे ठरवून ठेवा आणि ज्या मुलाचा सर्वांत राग आला त्याचे नाव घेऊन उद्या त्याला एक सोपा प्रश्न विचारायचे ठरवा. उत्तरासाठी एक श्वासभर थांबा. वर्गातील शांतता तुमच्या मालकीची नाही. ती त्या साठ जणांची आहे आणि ती राखणे एवढेच तुमचे कायक आहे.

शरणु शरणार्थी.